ड्रिलच्या तोंडातलं कुंकू

सणसरचा महिपती बारामतीत लोखंडी नांगरांच्या वर्कशॉपात ड्रिल मशीनवर अकरा वर्षं होता. १९५४ च्या खंडेनवमीला मशीनचा चक, म्हणजे पातं धरणारा जबडा, काढून धुतला, तेव्हा फोरमन आप्पासाहेबांनी पूजा करताना चक जिथे बसतो त्या वरच्या उघड्या तोंडात ओल्या कुंकवाचं बोट फिरवलं. दसरा उलटला आणि महिपतीची भोकं मोठी पडू लागली.

“हात थरथरतोय तुझा,” आप्पासाहेब म्हणाले. “उद्यापासनं भट्टीचा कोळसा वाहा.”

महिपतीने चकात सरळ सळई धरली, जवळ खडू धरला आणि पट्टा हाताने फिरवला. खडू सळईच्या एकाच बाजूला उमटला. सळई डगमगत होती. मग त्याने चक ठोकून काढला. आत कुंकवाची खपली धरली होती.

“साहेब, चक वाकडा बसलाय. दोष हाताचा न्हाय, कुंकवाचा हाय.”

सगळे बघत होते. आप्पासाहेबांनी खपली पुसली, चक बसवला आणि मदतनीसाला हाक मारली, “दगडू, तू पाड रं भोक.”

भोक नेमकं पडलं.

“बघा! हात बदलला, भोक सुधारलं.”

सगळे हसले. महिपती कोळसा वाहू लागला, ड्रिलवर दगडू आला.

पुढच्या खंडेनवमीला पूजेचं तबक धरायला त्यालाच उभं केलं. आप्पासाहेबांनी चूक कधी मानलीच नव्हती, त्यामुळे बोट पुन्हा त्याच तोंडाकडे निघालं. शेजारी दगडू भाबडेपणाने हात जोडून उभा होता. त्याच्या घरात तीन लेकरं होती, हे महिपतीला ठाऊक होतं.

कुंकू कमी पडू नये म्हणून महिपतीने तबक जरा पुढे केलं.