अकराची मुलाखत आणि चालू भट्टी

समस्त वाचकांना, विशेषतः माता-भगिनींना, जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की आमच्या उमापुरात एक खाजगी मालमत्ता ऐन सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी सार्वजनिक झाली. ग्रामसभा नाही, ठराव नाही, नोटीस नाही. मालमत्ता म्हणजे माझा ओव्हन. मालकीण म्हणजे मी. आणि त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता माझी नोकरीची मुलाखत होती.

ओव्हन पुण्याच्या लेकीनं पाठवलेला. खोकं उघडलं तेव्हा शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "टीव्ही हाय व्हय?" नानकटाई भाजते म्हटल्यावर त्यांनी त्याला 'विजेची भट्टी' हे नाव दिलं आणि गावानं ते पक्कं केलं. आमच्याकडं सणाला बिस्किटं घरी भाजायची पद्धत नव्हतीच कधी. पीठ मळायचं, डब्यात भरायचं, डबा डोक्यावर घेऊन गेवराईच्या भट्टीवर जायचं आणि नंबर लावून बसायचं. आपली बिस्किटं दुसरीच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कुणी चारोळी लावायची, कुणी बोटाचा ठसा, कुणी काट्यानं चार रेघा. भट्टी म्हणजे नंबर, आणि नंबर म्हणजे भांडण, हे आमच्या बायकांच्या रक्तातच आहे. हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्या दिवशी माझं सगळं डोकं मुलाखतीत अडकलेलं.

ती नोकरी मला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. बीडला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका. सोमवार ते शनिवार तिथंच राहायचं, रविवारी घरी. मुलं बाहेर पडलेली, यजमान दिवसभर शेतात, आणि माझी बी. ए.ची पदवी लग्नापासून पत्र्याच्या नळकांड्यात सुखानं झोपलेली. वर्षभर मी अर्ज करत होते. एका दुकानात म्हणाले, वय जास्त आहे. एका शाळेत म्हणाले, अनुभव कमी आहे. वय जास्त आणि अनुभव कमी! म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी काय कोठीत पोत्यात भरून ठेवलेली होते? बीडच्या संस्थेनं मात्र अर्ज परत केला नाही. व्हिडिओवर बोलू म्हणाले.

अकराची वेळ मीच मागून घेतली होती. दहा ते बारा काल्याचं कीर्तन. सगळा गाव मंडपात. घरात माझ्याशिवाय माशी नसणार. या हुशारीबद्दल मी दोन दिवस स्वतःवरच खूश होते.

सकाळी बचत गटाचं ठरलं होतं की बाहेरगावच्या टाळकऱ्यांना निघताना नानकटाईची शिदोरी द्यायची. मी म्हटलं, गटातल्या तिघींनी पीठ मळून आठच्या आत माझ्याकडं द्यावं, दहापर्यंत भाजून देते. तिघीही मंडपात पोळ्या लाटत होत्या म्हणून निरोप माईकवाल्या भावाकडं दिला. हा भाऊ सात दिवस माईकला चिकटून होता. चुकलेल्या चपला, सुटलेली शेळी, सगळ्यांचा पुकारा तोच करायचा. सात दिवसांत त्याचा घसा बसला होता, उत्साह नाही.

"वैनी, काळजीच करू नका," तो म्हणाला. "मी सांगतो येवस्थित."

दहा मिनिटांत भोंगा कडाडला. "पाण्याच्या टाकीजवळच्या वैनीच्या घरी इजेची भट्टी चालू हाय! ज्या माता-भगिनींना बिस्किटं भाजायची, त्यांनी पीठ घेऊन जावं! गर्दी करू नये! नंबर लावावा!"

मी पळत मंडपात गेले. "भाऊ, अहो, तिघींनाच सांगायचं होतं!"

"त्या तिघीबी ऐकत्यालच की वैनी."

परत आले तेव्हा अंगणात नऊ पराती होत्या. साडेदहापर्यंत पंधरा झाल्या. मैद्याच्या, बेसनाच्या, गूळ घातलेल्या कणकेच्या. दारात मावशी पाटावर बसल्या होत्या, हातात लाटणं, आणि नंबर देत होत्या. त्यांना कुणी नेमलं हे कुणी विचारलं नाही. एकीनं तर पीठच आणलं नव्हतं. तिच्या ओच्यात दोन वांगी होती.

"हे कावून?" मी विचारलं.

"भरताला. भट्टी चालूच हाय तर ठिवा की कोपऱ्यात!"

"अगं, वांग्याच्या वासाची नानकटाई खाणार का टाळकरी?"

"लई भुका लागलेल्या आसत्यात त्यांना," ती म्हणाली.

"बायांनो, कीर्तन सुरू झालंय," मी हात जोडले. "जा ना ऐकायला. पुण्य आहे ते."

"हितंबी ऐकू येतंय की," सगळ्या एका सुरात. आणि खरंच येत होतं. भोंग्याचं तोंड नेमकं माझ्या स्वयंपाकघराकडं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, फोन घेऊन आतल्या खोलीत जायचं. कुठल्या आतल्या खोलीत? आमच्या घरात रेंज एकाच जागी येते, स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि तीही फोन हळदीच्या डब्याला टेकवून तिरका ठेवला तरच. लाईट बारा वाजता जाणार, म्हणून बाया हलायला तयार नाहीत. ओव्हनमध्ये एका वेळी बाराच मावतात, म्हणून नंबर पुढं सरकत नाही. पावणेअकराला मी चांगली साडी नेसले, पावडर लावली आणि कोपरापर्यंत मैदा असलेले हात पदराखाली लपवून खिडकीशी बसले. बायांना बजावलं, "माझं महत्त्वाचं बोलणं आहे. कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही." सगळ्याजणींनी शपथ घेतल्यासारख्या माना हलवल्या.

पडद्यावर दोघं दिसले. एक चष्म्यातले सर आणि एक मॅडम.

"अनुभव?" सरांनी कागदातून डोकं न काढता विचारलं.

मी पाठ केलेलं सुरू केलं. "मला समाजकार्याची आवड असून..." तेवढ्यात मंडपात टाळ वाजायला लागले, पखवाज घुमला. सरांनी डोकं वर काढलं.

"मागं काय चाललंय?"

"सप्ताह आहे सर."

"आणि त्या बायका?"

इथं मी खोटं बोलले. "पाहुण्या आहेत."

"पाव्हनी कोन?" मागून आवाज आला. "आमी नंबरला हाव!"

मॅडमनी ओठ दाबले. सरांनी नाही. "हे बघा," ते म्हणाले, "अनुभवाचा दाखला जोडलेला नाही. एवढ्या मुली सांभाळायच्या म्हणजे..."

पुढचं ऐकूच आलं नाही, कारण माझ्या पाठीमागं युद्ध पेटलं होतं. मावशींनी वेळ वाचावा म्हणून दोघींच्या नानकटाया एकाच ट्रेमध्ये घातल्या होत्या.

"चारोळीच्या माझ्या! सहा व्हत्या, पाच कशा?"

"मी कशाला घिऊ तुझी? माझ्यांवर बोटाचा ठसा हाय, बघ की!"

"तुझं बोट काय सरकारी शिक्का हाय व्हय?"

फोन बंद करावा, की आवाज बंद करावा, की सरळ खिडकीतून उडी टाकावी? वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर करपत होती. नानकटाईही करपत होती, वास येत होता. आणि मग माझ्यात काय शिरलं कुणास ठाऊक, मी सरांकडं पाठ फिरवली.

"गप्प!" मी ओरडले. कीर्तनही क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. "चारोळीवाली डावीकडं उभी राहा. ठशावाली उजवीकडं. वांगी उंबऱ्याबाहेर! पुढचे तीन नंबर आत, बाकीच्या अंगणात. आणि मावशी..."

मावशी छताकडं बघत होत्या.

"मावशी, तोंड उघडा."

"कावून?"

"उघडा म्हणते ना."

मावशींनी मोठ्या नाखुशीनं तोंड उघडलं. जिभेवर चारोळीचा दाणा.

"भाजली का न्हाई ते बघत व्हते," त्या म्हणाल्या. "कच्ची आसली तर नाव तुझंच जाईल ना गं."

फोनमधून फस्सकन हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं. संपलं. मी वळले. मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या.

"आमच्याकडं ऐंशी मुली आहेत," त्या म्हणाल्या. "रोज कुणाचं तरी तेल नाहीतर क्लिप गायब होते, आणि आधीच्या बाई रडायला बसायच्या. तुम्ही एक तारखेला रुजू व्हाल का?"

"मॅडम, अनुभवाचा दाखला..." सर पुटपुटले.

"सर, आत्ता काय बघितलं आपण?"

मी हो म्हटलं. निदान तोंड तरी उघडलं, आवाज आला की नाही ठाऊक नाही. पराती हातात धरून सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आठवड्याचे सहा दिवस मी गावात नसणार, हे त्यांच्या एकदमच ध्यानात आलं असावं. खरं सांगते, मी पदर डोळ्यांपर्यंत नेला. वाटलं, आता कुणीतरी जवळ येईल, हात धरेल, वैनी, आमाला सोडून जाऊ नका म्हणेल. मावशी पुढं आल्याही. त्यांनी मला हळूच बाजूला सारलं, फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि बीडपर्यंत बिनफोनाचं ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "म्याडम, हिला खुशाल न्या! पर भट्टी हितंच ऱ्हाऊ द्या!"