मोतीबिंदू पिकेल म्हणून

संत्र्याच्या ढिगावर बसून फळं निवडण्यात माझा हात धरणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. फळ उचललं की तळव्यालाच कळायचं, हे मोठ्यात, हे मधल्यात, हे बारक्यात. मान वर करून गप्पा मारत मी ढीग संपवायची. तिथेच फसले. माझा उजवा डोळा तीन-चार वर्षं हळूहळू मंद होत होता आणि या हातांनी मला त्याचा पत्ताच लागू दिला नाही.

अगदीच कळलं नाही असंही नाही. सौंसरला दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. तिसऱ्यांदा तपासणाऱ्याने सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे. झालं, आमच्या घरी त्यावर एकच उपाय, पिकू द्यायचा. सासूचा तसाच पिकवून काढला होता, शेजारच्या काकूंचाही. मग माझा काय वेगळा? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. मी निवांत वाट पाहत बसले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळीनंतर बगिच्याची तोड चालू होती. धाकटी नणंद पांढुर्ण्याहून माहेरपणाला आली होती. मी भरलेला क्रेट तिने उचलला आणि म्हणाली, "वहिनी, हे हिरवे फळं कायले टाकून राहिली चांगल्या मालात?"

"हिरवं कुठं दिसून राह्यलं तुले? पांढुर्ण्यात राहून संत्रं वळखणं विसरली तू." मला खरंच राग आला होता. माझ्या निवडीत खोट काढायची कोणाची हिंमत नव्हती.

ती हसली. माझं लग्न झालं तेव्हापासूनची तिची खोड, संत्र्याची साल चिमटीत दाबून माझ्या डोळ्यावर पिचकारी मारायची. त्या दिवशीही मारली. ती गेली डाव्या डोळ्यात. डोळा चरचरला, मी तो घट्ट मिटला, आणि भर दुपारी माझ्यासमोरचं अंगण गेलं. ढीग नाही, नणंद नाही. ताकाच्या निवळीतून पाहावं तसा नुसता मळकट उजेड.

"वहिनी, पानी आणू का?" तिचा आवाज जवळून आला. ती कुठे उभी आहे ते मला कळेना. मी हात पुढे केला तो तिच्या गालाला लागला. तिचं हसणं थांबलं.

आणि मी काय म्हणावं? "पिकला वाटते मोतीबिंदू. चला, आता काढून टाकू." मला चक्क बरं वाटलं होतं.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मोतीबिंदू नावालाच आहे, म्हणाले, डोळ्यामागची नस फिकी पडली आहे. डोक्याचा एमआरआय झाला. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं. मेंदूच्या आवरणावर गाठ आहे. मेंदूत नाही, आवरणावर. बहुतेक साधीच, कॅन्सरची नाही, पण वर्षानुवर्षं वाढत डोळ्यांच्या नसांवर दाबून बसली आहे. डावा डोळाही कडेने कमी झाला आहे. ऑपरेशनने तो वाचवता येईल. उजव्याची गेलेली नजर परत येईलच असं सांगता येत नाही. "आणखी वाट पाहिली तर दोन्ही जातील," ते म्हणाले. वाट पाहण्यात तर मी पटाईत होते.

सासू म्हणाली, आधी जामसांवलीला जाऊन या. गेलो. झोपलेल्या मारुतीसमोर उभी राहिले आणि कोणाला न सांगता डावा डोळा हाताने झाकला. सगळा देव शेंदराचा. मला त्यावर वाळलेल्या चिखलाचा रंग दिसला. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. मरणाला नाही. घरातल्यांच्या आवाजावरून त्यांचे चेहरे आठवत बसावं लागेल, याला घाबरले. मागणं मागायचंही सुचलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अर्ध्या डोक्याचे केस काढले. नणंद रडायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, "रडू नोको. तू पिचकारी मारली नसती तं मी अजून मोतीबिंदूच पिकवत बसली असती." ती आणखीच रडली. तिचं असंच आहे.

शुद्धीवर आल्यावर दोन दिवस डोळे सुजून बंदच होते. कोणी काही विचारलं की मी हूं म्हणायची. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. सकाळी डॉक्टर आले, माझा डावा डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाले, "सावकाश उघडा. समोर कोण आहे?"

मी उघडला. आधी तोच मळकट उजेड. मग त्यात एक उभा आकार, मग खांदे, मग हनुवटी. हनुवटीवर पांढरे खुंट. एकेक वेगळा दिसत नव्हता, पण पांढरे, आणि बरेच. आमच्या यांना रोज सकाळी दाढी केल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

"अहो," मी म्हटलं, "दाढी तं करायची होती. काय अवतार करून घेतला हा."

डॉक्टर हसले. हे पलंगाची दांडी धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. बत्तीस वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचा हात तसाच होता. मी तो काढू दिला नाही, आणि उजव्या डोळ्याने यांच्याकडे पाहत राहिले.