मामांनी वाढलेलं ताट
सुकं खोबरं भाजल्याचा वास आला की मला पळसदेवचं मामांचं अंगण आठवतं. गावची जत्रा होती, देवीला दिलेल्या बोकडाचा रस्सा चुलीवर उकळत होता आणि सगळे नातेवाईक पंगतीला बसले होते. बारामतीला शिकताना मी येशूवर विश्वास ठेवू लागले, हे मामांना नुकतंच कळलं होतं, म्हणून माझं ताट त्यांनी मुद्दाम स्वतः वाढलं. "खा, देवीचा प्रसाद हाय." मी मान खाली घालून म्हणाले, "मामा, मला नुसती भाकरी द्या." मामांचा आवाज चढला. "आमची देवी चालत न्हाय, आन् आमची भाकरी चालती व्हय गं मॅडम?" मामी मध्ये पडायला गेली, तर तिच्यावरही ते ओरडले. मग माझं ताट उचलून त्यांनी दारातल्या कुत्र्यापुढं ठेवलं. "खा बाबा, तुला तरी कुठला देव आडवा येत न्हाय." कोणीतरी हसलं. मी न जेवता निघाले आणि हायवेवर येऊन एसटीला हात केला. चर्चमधले लोक म्हणतात, त्या दिवशी तू देवाला पहिलं स्थान दिलंस. ताटापुरतं दिलं असेल. आजही प्रार्थनेला डोळे मिटले की मनात सगळ्यात आधी मामाच येतात, आणि मला त्यांना माफ करायचं नसतं.