परगणा सांगणारा फिरंगी

"आमच्या परगण्यात, भाऊ..." असं म्हणून त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, की आपली दुपार गेली म्हणून समजावं. असं एखादं माणूस तुम्हीही सोसलं असेल, पण तुमचं निदान देशी असेल! माझा शेजारी पोर्तुगालचा फिरंगी. पेशव्यांच्या तोफखान्यात तो गोलंदाज, मी तोफा ओतणारा ओतारी. म्हणजे दिवसभर कारखान्यात तो, आणि घरी आलो तरी अंगणात तोच.

त्याच्या परगण्यात म्हणे पाटील नसतो. दगडी कचेरीत पाच शहाणे बसून सगळी खेडी सांभाळतात. चौकात एक खांब, चोराला बांधायला. खाली नदी, टेकडीवर जैतुनाची झाडं, आणि डुकरं अशी लठ्ठ की त्यांना वळायला सबंध गल्ली लागते. हे इतकं ऐकलं, की माझी म्हैससुद्धा डोळे मिटून त्या नदीवर पाणी पिऊन आली असती.

"एवढं सगळं होतं, तर इकडे कशाला आलात भावजी?" बायको आतून विचारायची.

"तिथे भांडण नाही वहिनी. गोलंदाजाला काम काय?"

अखेर त्याला रजा मिळाली. तिकडे म्हातारी आई डोळे लावून बसलेली. गोव्याकडे निघालेल्या तांड्याबरोबर त्याने जायचं ठरलं. आमच्या आळीने असा सुस्कारा सोडला, की मुठेच्या पाण्यावर लाटा उठल्या.

आणि त्याच आठवड्यात पठ्ठ्याने माझा आंबा सोलला. फळ नव्हे, झाड! बुंध्याची साल सबंध उतरवून दारात रचून ठेवली.

"अहो, हे काय केलंत?"

"जाताना भेट, भाऊ. आमच्या परगण्यात झाडाची अशीच साल काढून बाटल्यांची बुचं करतात. साल परत येते."

"तुमच्या झाडाला येत असेल! हा आंबा आहे!"

पानं वळायला लागली तसा त्याचा चेहरा उतरला. बांधलेलं सामान त्याने सोडलं. "साल येईपर्यंत मी जात नाही," म्हणाला. शेणमाती लिंपून, वर गोणपाट गुंडाळून तो झाडाला टेकून बसला आणि झाडालाच परगणा सांगू लागला. आता झाडाला कुठे उठून जाता येतं?

कैऱ्या गेल्या म्हणून त्याला शिव्या घालणारी बायको मला म्हणाली, "त्यांची आई वाट बघतेय हो. काहीतरी करा."

थापांत माझा हात धरणारा पुण्यात नाही. तांडा निघायच्या सकाळी मी गोणपाटात डोकं घातलं आणि ओरडलो, "आली! साल आली! नखाएवढी आहे, पण आली. उघडू नका, ऊन बाधेल तिला."

त्याने शेंड्याकडे पाहिलं. तिथे एक हिरवं पान नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आली ना, भाऊ?"

"आली म्हणतो ना! निघा आता."

आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने गोणपाटावर हात ठेवला, आणि गेला.

परवा बायको म्हणाली, "आंबा पार वाळलाय. तोडा, सरपण तरी होईल."

"ऊन उतरू दे," मी म्हणालो, आणि गोणपाटावर घागर रिकामी केली.