भाऊजींचे न खायचे मासे

कोलकात्यात एस्प्लनेडच्या आमच्या बँकेत दुपारच्या चहाची वेळ होती, तेव्हा ताईचा फोन आला. "मंदा, हे गेले गं. पेपर वाचत होते… मान कलली, मला वाटलं डोळा लागला." टॅक्सीनं बेहालाला ताईच्या घरी पोचले तर जिन्यात घोषालबाबू बसलेले. भाऊजींचे खिदिरपूर बंदरातले जुने सहकारी, खालच्याच मजल्यावर राहणारे. हमसून हमसून रडत होते. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं म्हणतात. भाऊजींबद्दल वाईट लिहायला काही नाहीच, पण मी त्यांच्याशी एकदा वाईट वागले, ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याचे, बंदरात इंजिनिअर, आणि निवृत्त झाल्यावरही कोलकात्यातच राहिलेले. पक्के शाकाहारी, केकमध्ये अंडं असेल या संशयानं वाढदिवसाला नुसत्या वेफर्सवर भागवणारे. आणि छंद कसला, तर मासे धरण्याचा. हे खूळ घोषालबाबूंनी लावलं. बेहालाकडे काही तळ्यांत रुई-कातला मासे सोडतात आणि तिकीट काढून दिवसभर गळ टाकून बसता येतं. तिथला एकेक बाबू आपलं आमिष घरी मळून आणतो, आणि त्यात काय काय घातलंय ते सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्याच्या वासानं भाऊजींना मळमळायचं. म्हणून त्यांनी पुस्तकात बघून जिग बनवला: वाटाण्याएवढी शिशाची गोळी, तिला आकडा, आणि आकड्यावर लोकरीचा नाहीतर पिसाचा झुबका. पाण्यात तो हलकेच नाचवत राहायचं, म्हणजे माशाला किडा वाटतो. लोकर अर्थातच ताईच्या अर्धवट विणलेल्या स्वेटरची. अख्खा हिवाळा भाऊजी तो झुबका नाचवत बसले, एक मासा फिरकेल तर शपथ. घोषालबाबू वर येऊन ताईला, म्हणजे त्यांच्या बोउदीला, वहिनीला, सांगायचे, "बोउदी, दादा मछली को स्वेटर दिखा रहा है. यहाँ के मछली को ठंड नहीं लगता."

शेवटी कळलं, की रुई-कातला असल्या किड्यामागे सहसा धावत नाहीत. हा जिग ट्राउटसाठी बरा, आणि ट्राउटला थंड पाणी लागतं. सिक्कीममध्ये एका डोंगरी तळ्यात सरकारी केंद्रात वाढवलेले ट्राउट सोडतात, असं घोषालबाबूंनी शोधून काढलं. मग दरवर्षी दुर्गापूजेची गर्दी ओसरली, की ही जोडी तिकडे निघायची. करार ठरलेला होता: घोषालबाबूंनी धरलेला मासा घोषालबाबूंच्या पोटात, भाऊजींनी धरलेला परत पाण्यात. हा करार घोषालबाबूंच्या जिवावर यायचा. "खाएगा नहीं तो पकड़ता क्यों है?" ते दरवर्षी विचारायचे. भाऊजी म्हणायचे, "भेट झाली, बास." माणूस तसा अबोल होता, पण तळ्यावरून आला, की आठवडाभर माझ्याशीसुद्धा गप्पा मारायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं सुरू झाली, पण थरथर राहिलीच. चारचौघांत चहा घेणं त्यांनी सोडलं. कुणी आलं, की तो हात मांडीखाली दडपून बसायचे. ताईला आणि मला ते दिसत होतं, बोलायचं मात्र कुणाचं धाडस नव्हतं. एका रविवारी महाराष्ट्र मंडळाची चार माणसं ताईकडे बसली होती. भाऊजी कोपऱ्यात आकड्यावर पीस बांधत होते. दोरा निसटत होता, ते पुन्हा धरत होते, पुन्हा निसटत होता… मला बघवेना. मी उठले आणि त्यांच्या हातातून आकडा काढूनच घेतला. "द्या इकडे भाऊजी, तुमच्यानं आता नाही व्हायचं." भाऊजींनी नीट सगळं आवरलं, डबा बंद केला आणि माळ्यावर टाकला.

तो डबा दीड वर्ष खाली आला नाही. सिक्कीमचं एक वर्ष चुकलं. घोषालबाबू एकटे गेले नाहीत. मी दोनदा माफी मागायला गेले, पहिल्यांदा धीर झाला नाही, दुसऱ्यांदा त्यांनीच तोडून टाकलं, "तू खरं तेच बोललीस मंदा." यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या एका वाक्यानं त्यांचं एकुलतं एक सुख गेलं होतं. पुढच्या पूजेनंतर मी विचारलंच नाही, भाऊजी, घोषालबाबू आणि मी अशी तिघांची तिकिटं काढली आणि ताईला बॅग भरायला लावली.

तळ्यावर भाऊजी शाल पांघरून खुर्चीत बसून राहिले. घोषालबाबूंना सकाळभर काही लागलं नाही. मग मीच दुसरा गळ उचलला. जन्मात कधी हात लावला नव्हता. पहिल्या फेकीत जिग मागच्या झुडपात, दुसऱ्या फेकीत घोषालबाबूंच्या टोपीत. तिसऱ्या वेळी भाऊजींना राहवलं नाही. "अगं, असा नव्हे," म्हणत त्यांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली. जिग पाण्यात गेला. हात थरथरत होता, काठीचं टोक थरथरत होतं, आणि खाली तो झुबकाही तसाच थरथरत असणार, कारण दोन मिनिटांत ट्राउट लागला. मग दुसरा. दुपारपर्यंत चार. घोषालबाबूंनी मुद्दाम हात थरथरवून पाहिला, त्यांना शेवाळ मिळालं. "घोषालबाबू, ये ऐसे नहीं आता," भाऊजी म्हणाले, "इसके लिए डॉक्टर की चिट्ठी लगती है." आणि दीड वर्षात पहिल्यांदा खदखदून हसले. परतताना टपरीवर त्यांनी आपणहून चहाचा ग्लास उचलला. निम्मा पँटवर सांडला, उरलेला प्यायले, आणि सगळ्यांदेखत दुसरा मागितला. माफी मागायची मी पुन्हा विसरले, की मुद्दाम टाळली… कोण जाणे.

दहाव्याला गंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर पाचसहा बसले होते, एक खाली येईना. गुरुजी म्हणाले, कुणाच्या मनात काही राहिलं असेल तर बोला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, हात जोडले आणि तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी तुमच्या हातातून आकडा काढून घेतला, चुकलं माझं." कावळे जागचे हलले नाहीत. घोषालबाबूंना हा प्रकार नवा होता. ताईनं त्यांना हळू आवाजात अर्थ सांगितला. ते पिंडाशी वाकून म्हणाले, "दादा, ठीक है. अगला मछली मैं छोड़ दूँगा." आणि खरं सांगते, कावळा उतरला.

मला रडताना हसू आलं. दोन वर्षं मी जे ओझं वाहिलं, त्याचं भाऊजींना काहीच नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता एका माशात.

गेल्या रविवारी घोषालबाबू बेहालाच्या तळ्यावर बसले, मीही शेजारी बसले. तिसऱ्या प्रहरी चांगला दोन किलोचा रुई लागला. आजूबाजूचे बाबू बघायला गोळा झाले. घोषालबाबूंनी हात ओले केले, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, शेपटी हलेपर्यंत थांबले आणि सोडला. ऑटोत बसल्यावर त्यांनी ओले हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, "दीदी, बोउदी को बोलना… बहुत बड़ा मछली था."