रुंद पाईप

आमची पिकअप आता चढ नीट चढते. सायलेन्सरचा जुन्या मापाचा पाईप पुन्हा बसवून घेतला, हवेचा फिल्टरही आपल्या मूळ डब्यात परत गेला. कारखान्यातली साप्ताहिक सुट्टी मी आता शनिवारी घेतो, दर शनिवारी ती घेऊन निघतो आणि ती निमूट वर जाते. फक्त नाना आता ती चालवत नाहीत. त्यांना ती चालवता यावी म्हणूनच मी तो सगळा उपद्व्याप केला होता, हे आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात असं वाटतं.

नाना म्हणजे माझे वडील. अकरा वर्षं त्यांनी शनिवारची फेरी चुकवली नाही. पहाटे नाशिकच्या मार्केटमधून बटाटे, कांदे, कोबी, डाळ-तांदळाची पोती भरायची आणि त्र्यंबकच्या पुढे डोंगरात असलेल्या एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात उतरवायची. बाकीचे दिवस ते शहरातल्या शहरात भाडी मारत, पण त्याबद्दल कधी बोलत नसत. बोलायचे ते शाळेबद्दल. "आज पोरांना कोबी आवडला म्हणे," असं ते अशा थाटात सांगायचे की जणू तो यांनीच फोडणीला टाकला होता.

गाडी लहान, सीएनजीवरची. सपाटीला तिची काही तक्रार नसते. पण शाळेच्या अलीकडे अर्धा किलोमीटरचा काँक्रीटचा उभा चढ आहे आणि माल भरलेली गॅसवरची गाडी तिथे रडते. नाना पायथ्याशी बटण दाबून ती पेट्रोलवर घ्यायचे, तरीसुद्धा पहिला गिअर आणि अर्धा दाबलेला क्लच, असंच वरपर्यंत जावं लागायचं. हे सगळं डाव्या गुडघ्यावर. गुडघा सुजायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, क्लचचं काम कमी करा, नाहीतर गाडी सोडा.

आई लगेच म्हणाली, "झालं तेवढं बास झालं." दोन दिवस नानांनी पेपर उघडला नाही, खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत बसले. मला भीती वाटली. हा माणूस घरी बसला तर वर्षभरात म्हातारा होईल, असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मापं घेणं हेच माझं पोटापाण्याचं काम. संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी ठरवलं की इंजिनाला श्वास पुरत नाही. आत हवा मोकळी जाऊ द्यायची, बाहेर धूर मोकळा सोडायचा, की खालच्या गिअरला ताकद येणार, गाडी दुसऱ्यात चढणार आणि नानांचा पाय क्लचवरून सुटणार. सगळं इतकं सरळ होतं की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही याचंच मला नवल वाटलं.

गॅरेजचे मिस्त्री वयस्क होते. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, गाडी पळवायचीय का चढवायचीय?"

"दोन्ही."

"दोन्ही नाय होत. पाईप रुंद केला का वरच्या स्पीडला पळंल, पण खालचा दम जाईल. चढाला बारीकच पाईप बरा. मी फिल्टर साफ करतो, गॅसचं सेटिंग बघतो, तेवढ्यावर भागवा."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. ज्यांनी जन्मभर गाड्यांखाली पाठ घासली, त्यांना मी मोबाईलवर चित्र दाखवून शिकवत होतो. त्यांनी वाद घातला नाही. फडक्याला हात पुसले आणि पाईप कापला. रुंद, सरळ पाईप बसला, पुढे हवेच्या डब्याऐवजी शंकूसारखा उघडा फिल्टर आला. जुना पाईप बरोबर देऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, भंगारात टाका.

मिस्त्रींचं म्हणणं आता मला कळतं. अंगणात पाणी मारताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, अंगठा काढला की पाणी पायाशी पडतं. चढावर इंजिन सावकाश फिरतं तेव्हा धूर थोडाच असतो, तो रुंद पाईपात सैल पडतो आणि ओढ जाते. उघडा फिल्टर तर तापलेल्या इंजिनाशेजारी बसून गरम हवाच पीत होता. हे मला मापं घेताना दिसायला हवं होतं. मी मापंच घेतली नाहीत.

चाचणी घेतली तीही कशी, तर रविवारी सकाळी, गंगापूर रोडवर, रिकाम्या गाडीने. गाडी अशी सुटली की कोपऱ्यावरची कुत्री उठून उभी राहिली. शेजारी नाना होते. "मस्त पळते," ते म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. केलेल्याला नावं ठेवायची नाहीत. हा नियम नानांचाच. आमटीत मीठ नसलं तरी ताटावर कुणी बोलायचं नाही, मागून गुपचूप वाढून घ्यायचं. बहिणीने शाळेत असताना त्यांच्यासाठी विणलेला, एक बाही लांब झालेला स्वेटर त्यांनी तीन हिवाळे घातला, बाही दुमडून. हा नियम मला ठाऊक होता, त्यातच मी वाढलो. तरी पुढचे आठ महिने दर शनिवारी मी त्यांना विचारत राहिलो, "नाना, चढ कसा?" आणि ते दर शनिवारी म्हणत राहिले, "मस्त चढते."

बाराला येणारे नाना दोनला यायला लागले. त्र्यंबकला गर्दी फार, असं म्हणायचे. ते खरंच वाटायचं, कारण गर्दी असतेच. गुडघ्याचं दुखणं मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. मी म्हणायचो, आता तर क्लचचं काम कमी झालंय, मग असं कसं? ते म्हणायचे, वय.

मग एका शनिवारी त्यांना पलंगावरून धड उठवेना. मी रजा टाकली, म्हटलं मी नेतो गाडी. ते हट्टाने शेजारी येऊन बसले. "रस्ता दाखवतो," म्हणाले. सरळ रस्ता होता, दाखवायचं काय होतं त्यात?

चढाच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे. गाडी थांबताच टपरीवाल्या मावशी बाहेर आल्या आणि खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "नाना, आज पोरगा हाय व्हय बरोबर? मंग लय बरं झालं. निम्मी पोती उतरवायला तुमाला सोबत झाली."

मी नानांकडे बघितलं. ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"निम्मी कशाला?" मी विचारलं.

"एका टायमाला चढत नाय ना आता," मावशी म्हणाल्या. "आधी निम्मी वर नेत्यात, मंग परत येऊन निम्मी. किती महिने झालं."

म्हणजे तोच चढ ते दोनदा चढत होते. तोच क्लच, तोच गुडघा, दुप्पट. शिवाय पोती उतरवायची आणि पुन्हा भरायची. माझ्या पाईपाला नाव ठेवावं लागू नये म्हणून.

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. कुणावर ते कळेना, म्हणून मी तो गाडीवर काढला. "पोती उतरवायची नाहीत," म्हणालो आणि भरल्या गाडीने चढाला लागलो. पेट्रोलवर घेतली, पहिला गिअर, अर्धा क्लच. रुंद पाईपातून आवाज असा येत होता की डोंगर दणाणून गेला, आणि गाडी मात्र माणसाच्या चालीने सरकत होती. अर्ध्यावर ती गचके द्यायला लागली.

"थांबू नको," नाना म्हणाले. "थांबलास तर उठणार नाही." आणि मला काही कळायच्या आत त्यांनी दार उघडलं. "मी उतरतो. तेवढंच वजन कमी."

"नाना, पाय!"

ते उतरले होते. आरशात दिसले, कठड्याला धरून वाकलेले. वाटलं पडले. मग सरळ झाले तेव्हा हातात एक मोठा दगड होता. गाडी मागे आलीच तर चाकाखाली लावायला, घाटातले जुने ड्रायव्हर धरतात तसा. दगड घेऊन ते लंगडत माझ्या मागून यायला लागले.

मला थांबता येत नव्हतं. थांबलो असतो तर गाडी मागे घसरली असती आणि मागे नानाच होते. त्यांना घ्यायला जाता येत नव्हतं, हाक मारली तरी त्या आवाजात ऐकू जाणार नव्हती. आरशात नाना लहान लहान होत चालले होते, आणि मी माझ्याच वडिलांपासून माणसाच्या चालीने लांब जात होतो. इतकं असहाय मला आयुष्यात दुसऱ्या कशाने केलेलं नाही.

वळणानंतर ते दिसेनासे झाले.

गाडी वर पोचली. मी ती शाळेच्या फाटकात लावली आणि धावत खाली सुटलो. ते वळणावरच भेटले. शर्ट घामाने ओला, ओठ कोरडे, डावा पाय टेकवत नव्हते. दगड अजून दोन्ही हातांत धरलेला होता. मी तो काढून घ्यायला हात पुढे केला. माफी तोंडापर्यंत आली होती.

नानांनी आधी दम खाल्ला. मग वर उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "चढली की रे. मस्त चढली."