मशीनगनच्या डाव्या बाजूला

फौजेतून कायमचा घरी आलो तेव्हा गावाने माझी उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. आमचं गाव हट्टा नावाच्या मोठ्या गावाच्या बाजूला. तिकडे आता ही पद्धतच पडली आहे. फलकावर माझा फोटो होता, आणि फोटोतल्या माझ्या हातात कुठल्या तरी भलत्याच देशाची बंदूक चिकटवली होती. सत्कार उरकल्यावर चहा पिताना शेजारच्या काकांनी विचारलं, "मंग, किती मारले?"

"काका, मी वाहून न्यायचो."

"काय?"

"गोळ्या."

काकांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हंजी हमाली व्हय!" सगळे हसले, मीही हसलो. काकांचं फारसं चुकलं नव्हतं.

पायदळातली सगळ्यात लहान तुकडी म्हणजे सेक्शन. माणसं दहा, आणि त्या दहांत एक हलकी मशीनगन. तिला हलकी म्हणणाऱ्याने ती डोंगरावर चढवली नसावी. ती चालवतो तो नंबर एक. त्याच्या डाव्या बाजूला पोटावर पडून त्याला गोळ्या पुरवतो तो नंबर दोन. लग्नात नवरी मिरवते आणि करवली मागे कऱ्हा धरून उभी राहते, तसं हे काम. फोटोत करवली अर्धीच येते. मी नऊ वर्षं नंबर दोन होतो आणि सेक्शनच्या बहुतेक फोटोंत माझा एक कान आहे.

मशीनगनला भूक फार. तिच्या पोटाला लागेल एवढं एका माणसाच्या पाठीवर मावत नाही. म्हणून सेक्शनमधला प्रत्येक जण स्वतःच्या गोळ्यांशिवाय मशीनगनच्या दोन भरलेल्या मॅगझीन, म्हणजे गोळ्यांचे डबे, वाहतो, कुरकुर करत का होईना. कोणाच्या पाऊचमध्ये काय आहे, कोण पुढे आहे, कोण मागे रेंगाळलाय, हे सगळं नंबर दोनच्या डोक्यात हवं. फायरिंगच्या आधी सेक्शन दोन भागांत फुटतं. बाकीचे वळसा घालून पुढे जातात आणि मशीनगन मागे राहून त्यांच्यासाठी मारा करत राहते. ते फुटण्याआधी नंबर दोनने सगळ्यांकडून त्या मॅगझीन गोळा करायच्या. लग्नाआधी घरोघरची भांडी गोळा करत फिरतात तसा मी फिरायचो. एकदा माणसं पुढे निघून गेली की त्यांच्याबरोबर गोळ्याही गेल्या.

माझा नंबर एक आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावचा होता. पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरणारं, कापूस पिंजणारं मुसलमान घर त्याचं. आमची पलटण सगळ्या मुलखांची आणि सगळ्या धर्मांची. सेक्शन कमांडर उत्तरेकडचा हवालदार होता. त्याने आमची दोघांची जोडी लावली आणि कारणही सांगितलं, "एक ही जिले के हो. लडोगे तो अपनी भाषा में लडोगे, हमें तकलीफ नहीं होगी." आम्ही भांडलो, आणि बराबर आपल्या भाषेत भांडलो. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो. तो मला 'दोन' म्हणायचा. माझं खरं नाव त्याला ठाऊक असेल, पण त्याच्या तोंडून मी ते ऐकलं नाही.

नियमाप्रमाणे रिकामी मॅगझीन काढून भरलेली लावणं हे नंबर दोनचं काम. भाईला ते चालत नसे. गनला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. मॅगझीन संपत आली की तो निशाण्यावरची नजर न हलवता डावा हात मागे करायचा, पंजा उघडा. मी त्यात भरलेली मॅगझीन ठेवायची. ती हातात पडली की तो म्हणायचा, "बराबर." एवढंच. नऊ वर्षांत किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. पण तो शब्द ऐकला की दिवसभराचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं, हे मात्र खरं.

आमच्या जोडीच्या शेवटच्या वर्षी भाईचा उजवा गुडघा गेला. बर्फातल्या एका चौकीवरून उतरताना तो घसरला, आणि दुखणं त्याने दाबून ठेवलं. डॉक्टरकडे गेला असता तर कागदावर अनफिटचा शेरा बसला असता आणि गन हातातून गेली असती. मग कोठारात ब्लँकेटं मोजत बसायचं. "दोन," तो मला म्हणाला, "आमचा बाप जलमभर कापूस पिंजत बसला. मी फौजेत जाऊन गाद्याच मोजू व्हय?" गुडघ्याची गोष्ट आम्हा दोघांतच राहिली.

वर्षातून एकदा सेक्शनांची चढाओढ असायची. पहाटे पूर्ण ओझं घेऊन निघायचं, दुपारपर्यंत डोंगरवाटेने चालायचं, मध्ये तीन ठिकाणी पंच उभे, आणि शेवटी खऱ्या गोळ्यांनी फायरिंग. भाईच्याने ती चाल होणार नव्हती. म्हणून मी डोकं चालवलं. माझं डोकं चालतं तेव्हा शेजारच्याने सावध राहावं. पंच दिसत नाहीत तिथे त्याची गन मी घ्यायची आणि माझी रायफल त्याने. पंच दिसण्याआधी वळणावर पुन्हा अदलाबदल. पण गन घेतली तर माझ्या पिशवीतल्या मॅगझीन कोण उचलणार? त्या मी चार-पाच जणांत वाटून टाकल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. गुडघ्याचं त्यांनाही कळलं असावं.

भाईला हे आवडलं नाही. चालता चालता तो म्हणाला, "गन तू काहून उचलून राहिला? तुझं काम गोळ्या सांभाळायचं हाय."

"गोळ्या हायेत की. पोरांपाशी हायेत."

"पोरांपाशी हायेत म्हंजी तुझ्यापाशी न्हाईत." मग थोडं पुढे गेल्यावर, "माझं मी उचलतो, दोन. तू तुझं उचल."

मी ऐकलं नाही. दोन पंच आम्ही पार केले, तिसराही केला. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

शेवटच्या टप्प्याआधी एका ओढ्यापाशी दहा मिनिटांचा थांबा मिळाला. हीच माझी गोळा करायची वेळ. भाई दगडावर बसला आणि पँट वर सरकवली. गुडघा नारळाएवढा झाला होता. तो बघून मला राहवलं नाही. मी पट्टी काढून बांधायला बसलो. घट्ट झाली म्हणाला म्हणून सोडली, परत बांधली. तोवर हवालदाराने हात केला आणि सेक्शन फुटलं. पहिले तिघे ओढा ओलांडूनही गेले. मी धावत जाऊन मागच्या दोघांकडून मिळाल्या तेवढ्या घेतल्या. माझ्या पाऊचमध्ये उरलेली एक धरून मॅगझीन पाच झाल्या. ओढ्यापलीकडे गेलेल्यांना हाक मारता आली असती. पण जवळच फायरिंगचा पंच उभा होता, त्याला चूक कळली असती, आणि मला वाटलं, पाच पुरतील. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो इथे.

पाच पुरल्या नाहीत. पलीकडच्या उतारावर निशाण्याच्या फळ्या वर येत राहिल्या आणि भाई मारत राहिला. एक, दोन, तीन मॅगझीन, दर वेळी हात मागे, दर वेळी "बराबर". चौथी. पाचवी. मग हात पुन्हा मागे आला.

माझ्याकडे काही नव्हतं. मी पिशवीत हात घातला. रिकामी आहे हे ठाऊक असून घातला. भाईचा पंजा तसाच उघडा. त्याने मान वळवली नाही. बोटं एकदा मिटली, पुन्हा उघडली. समोर आमची आठ माणसं उघड्यावर होती आणि त्यांच्यासाठी मारा करणारी गन गप्प होती. चढाओढ होती म्हणून बरं. खरं असतं तर? हा प्रश्न मी तेव्हापासून जवळजवळ रोज स्वतःला विचारतो. मग त्याने हात पुढे नेला आणि गनवर ठेवला.

पंच आला. "गन क्यों रुकी?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, पण त्यातून शब्द निघाला नाही. भाई म्हणाला, "अटक गई, साब."

गन अडकली असं नंबर एकने म्हणणं म्हणजे तिची निगा आपण राखली नाही असं कबूल करणं. ज्याने नऊ वर्षं दाढीपेक्षा गन जास्त साफ ठेवली, त्याने हे म्हणावं? पंचाने गन उघडून पाहिली. आतून आरशासारखी स्वच्छ. मग त्याने माणसाकडे पाहिलं, उठायला सांगितलं, चार पावलं पळायला सांगितलं. भाई दोन पावलं पळाला. तिसऱ्याला हात टेकला.

महिन्याभरात गन माझ्याकडे आली आणि भाई कोठारात गेला. मी गप्प बसलो. बोललो असतो तर कदाचित गुडघ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं. निदान त्या दिवशी तरी नाही. मी भ्यालो होतो, याला दुसरा चांगला शब्द मला सापडलेला नाही. भाई त्यावर एक अक्षर बोलला नाही, तेव्हाही आणि नंतरही. माझा नवा नंबर दोन केरळचा होता, कामाला चोख. पण मी कधी हात मागे केला नाही. दर वेळी मान वळवून त्याच्याकडून मॅगझीन घ्यायचो. फायरिंग शिकवणारा उस्ताद शिव्या द्यायचा, "सामने देख, सामने!"

भाई माझ्याआधी निवृत्त झाला. मी घरी आल्यावरही डोंगरकड्याला जायला मला चार महिने लागले. घरून निघालं तर दोन तासांची वाट, तरी हळद शिजवायचीये, पाहुणे यायचेत, असं काही ना काही मी काढत राहिलो. शेवटी गेलो तेव्हा भाभींनी दार उघडलं आणि आत वळून म्हणाल्या, "वो आ गये, तुम्हारे दो." तो गाद्यांच्या दुकानात यंत्राशेजारी खुर्चीवर बसला होता, काठी भिंतीला लावून. अंगावर कापूस. जेवणं झाली, पलटणीतल्या सगळ्यांची खबर झाली. त्या दिवसाचा विषय निघाला नाही. तो विसरला असेल, असं मी परतताना स्वतःला समजावलं.

यंदा त्याचा गुडघा बदलायचं ठरलं. नांदेडच्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं. त्याची पोरं कामाला बाहेरगावी, म्हणून मी म्हणालो, मी येतो. आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम केला. सकाळी कागद पिशवीत भरले: जुने एक्स-रे, नवे एक्स-रे, रक्ताचा रिपोर्ट, ओळखपत्राच्या झेरॉक्स. निघताना एकदा पाहिले, बस स्टँडवर एकदा, आणि बसमध्ये तर दोनदा.

"किती बार बघतो?" भाई वैतागला. "उडून चालले का ते?"

"असू दे."

"आन्‌ ती पिशवी मांडीवर काहून धरून बसला? वर ठेव की."

मी ठेवली नाही. उतरल्यावर त्याचा हात धरायला गेलो तर त्याने झिडकारला. काठी टेकत तो स्वतःच दवाखान्याच्या पायऱ्या चढला, मधल्या पायरीवर थांबून. या वेळी मी त्याचं ऐकलं. पिशवी सांभाळत मागून चढलो.

डॉक्टर तरुण होते, माणूस सभ्य. भाईला समोर स्टुलावर बसवलं. मी त्याच्या मागे, डाव्या बाजूला उभा राहिलो. मुद्दाम नाही, जागाच तेवढी होती. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि विचारलं, "जुना एक्स-रे आहे का?"

भाईने मान वळवली नाही. डावा हात मागे आला, पंजा उघडा.

इतक्या वर्षांनी तो हात मी पाहत होतो. बोटं जाड झाली होती, नखांत कापूस अडकला होता. मी पाकीट त्या पंजात ठेवलं. बोटं मिटली. आणि समोर पाहतच तो हळू म्हणाला, "आज हाय व्हय."

विसरला नव्हता. एक दिवसही विसरला नव्हता. इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं ते तिथेच बोलून टाकावं असं वाटलं. पण जेमतेम "भाई, तवा..." एवढंच म्हणालो.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई न्हाई साहेब," भाई म्हणाला. "आमचं जुनं हाय. तुमी बघा."

डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "आणि रक्ताचा रिपोर्ट?"

हात पुन्हा मागे आला. रिपोर्ट मी आधीच काढून धरला होता. तो हातात पडला तसा भाई म्हणाला, "बराबर."